चौकी जाळली, मग तो सत्याग्रह कसा?
वाचकांचे प्रश्न : शालेय इतिहास

प्रश्न : आठवीच्या पुस्तकात सविनय कायदेभंगाच्या पाठात सोलापूर सत्याग्रहाचा परिच्छेद आहे. मुलं विचारतात, ‘चौकी जाळली, पोलीस मारले, मग हा सत्याग्रह कसा?’ काय सांगावं?
– शिक्षिका, जुळे सोलापूर

उत्तर : शंका रास्त आहे, ती दाबू नका. ज्यावर वाद नाही तेवढं आधी फळ्यावर लिहा. ५ मे १९३० ला गांधीजींना अटक झाली. सोलापुरात हरताळ पडला, गिरणी कामगार रस्त्यावर उतरले. ८ मे रोजी पोलिसांनी गोळ्या झाडल्या, त्यात शंकर शिवदारे यांच्यासह काही जण ठार झाले. जमावाने मंगळवार पेठेतली चौकी आणि कोर्टाची इमारत पेटवली, पोलीस मारले गेले. मेमध्येच लष्करी कायदा लागू झाला, तो जूनअखेरपर्यंत चालला. पोलिसांच्या खुनाच्या आरोपावरून मल्लाप्पा धनशेट्टी, श्रीकृष्ण सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी झाली. सोलापुरात या चौघांचे पुतळे आहेत, त्या चार पुतळ्यांवरून मुलं येता-जाता असतात. आरोप काय होता हेही त्यांना कळायला हवं, ते गाळल्याने हुतात्म्यांचा मान वाढत नाही.

वाद सुरू होतो तो यापुढे. आधी दगड की आधी गोळी? पोलीस मागे हटल्यावर शहरात अराजक होतं, की स्वयंसेवकांनी व्यवस्था सांभाळली? चौघांचा गुन्हा खरंच सिद्ध झाला होता, की पुढारी म्हणून त्यांना गोवलं? सरकारी बाजू आणि राष्ट्रीय चळवळीची बाजू इथे समोरासमोर येतात.

वर्गात घ्यायचं असेल तर कागदाचे तीन उभे रकाने करा. डावीकडे सरकारी मजकूर, उजवीकडे चळवळीच्या बाजूचा, मधला मुलांनी स्वतःचं लिहायला कोरा. ही रचना इस्रायली आणि पॅलेस्टिनी शिक्षकांनी मिळून तयार केलेल्या इतिहासाच्या पुस्तकात आहे, आणि आमच्या मते मधली कोरी जागा हाच तिचा प्राण आहे. एकेक उतारा ७०-८० शब्दांचाच ठेवा. लांब झाला की सावकाश वाचणारी मुलं पहिल्या ओळीतच अडकतात आणि तास हुशार चौघांचा होतो. प्रत्येक उताऱ्यावर कोणी, कधी आणि कोणासाठी लिहिलं हे हवंच. पस्तीस मिनिटांच्या तासात पाच मिनिटं फळ्यावरच्या घटनांना, पंधरा जोडीने वाचायला, दहा मधला रकाना भरायला, उरलेली बोलायला.

मुलांना क्रियापदांखाली रेघ मारायला सांगा. ‘गोळीबार झाला’ यात करणारा कुठेच दिसत नाही. ‘कलेक्टरने गोळीबाराचा हुकूम दिला’ यात तो समोर उभा राहतो. ‘चौकी जळाली’ आणि ‘जमावाने चौकी जाळली’ यांनाही तीच कसोटी लावा. दोन्ही बाजू आपापला करणारा लपवतात हे मुलांच्या चटकन ध्यानात येतं.

बिघडतं कुठे? शिक्षक पहिल्याच वाक्यात स्वतःचं मत सांगून मोकळे होतात, मग मुलं तेच लिहितात. कुणी हात वर करून मतदान घेतं, की लगेच गट पडतात. ‘तू कुर्बान हुसेनच्या बाजूने बोल’ असं मुलाचं आडनाव बघून तर कधीच सांगू नका. उतारेही घरी रचू नका. ‘इंग्रज असं म्हणाले असतील’ हा पुरावा नव्हे. जुनी वर्तमानपत्रं शोधा. मुंबई सरकारच्या जुन्या दप्तरासाठी मुंबईतलं राज्य पुराभिलेखागार आहे.

आता मुलांच्या प्रश्नाचं उत्तर. चळवळ सत्याग्रहाचीच होती, पण गोळीबारानंतर जमावाने जे केलं ते सत्याग्रहात बसत नाही. एकाच शहरात, एकाच आठवड्यात दोन्ही घडलं आणि पुस्तकाने एका मथळ्याखाली घातलं. हे वर्गात स्पष्ट बोलावं.

प्रश्न : ‘प्रत्येकाचं आपापलं मत’ म्हटलं की व्हॉट्सअ‍ॅपवरचा मजकूरही इतिहास ठरतो. सगळीच मतं सारखी मानायची का?
– वाचक, अक्कलकोट

उत्तर : मुळीच नाही. काही वाद पुराव्याने मिटतात. शिवाजी महाराजांचा जन्म १६२७ चा असं पूर्वी सर्रास लिहिलं जाई. टिळकांनी १९१६ मध्ये जेधे शकावली, म्हणजे जेधे घराण्याकडची सालवार नोंदींची यादी, प्रसिद्ध केली, त्यात शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया अशी नोंद निघाली. शिवकालीन कवी परमानंदाच्या शिवभारत या काव्यातही तीच तिथी मिळाली. आज शासन १९ फेब्रुवारी १६३० मानतं. इथे ‘दोन्ही बाजू’ शिकवणं चूक आहे. जुनी तारीख का बदलली, ते शिकवा. १८५७ ला काय म्हणायचं हा वाद वेगळा, कारण घटना बहुतेक मान्य असून अर्थावर मतभेद आहेत. कागद नसलेला दावा या दोन्हींत बसत नाही.

प्रश्न : मुलगी दहावीला आहे. दोन-दोन मतं लिहिली तर गुण जातील ना?
– पालक, बार्शी

उत्तर : मोघम लिहिलं तर जातील. ‘काहींच्या मते असे, तर काहींच्या मते तसे’ या वाक्याला तपासणारा काय देणार? मत कोणाचं, कधीचं आणि कशावरून हे लिहावं. दहावीच्याच पुस्तकात राष्ट्रवादी, मार्क्सवादी, स्त्रीवादी, वंचितांचा इतिहास अशा लेखनपरंपरा आहेत, त्या घोकण्याऐवजी इथे वापराव्यात. १८५७ बद्दल सावरकरांनी १९०९ मध्ये स्वातंत्र्यसमर म्हटलं. इतिहासकार रमेशचंद्र मजुमदारांनी १९५७ मध्ये ते पहिलं, राष्ट्रीय किंवा स्वातंत्र्ययुद्ध असल्याचं नाकारलं. त्याच वर्षी सुरेंद्रनाथ सेन यांनी धर्मरक्षणासाठी सुरू झालेला लढा स्वातंत्र्ययुद्ध होऊन संपला, अशी मधली मांडणी केली. तीन नावं, तीन वाक्यं, आणि चौथ्या वाक्यात तिला कोणतं पटतं व का. एकच शब्द मागणाऱ्या प्रश्नाला मात्र पुस्तकातलाच शब्द लिहावा, तिथे चर्चा नको.