मानेवरचे केस उलटे असतील तर गुळगुळीत दाढीचा नाद सोडा

भाऊ, तुम्ही लिहिलंय की दाढी वाढवली तर मिशी तोंडात येते आणि डावा गाल विरळ दिसतो, काढली तर दुसऱ्या दिवशी मानेवर फोड उठतात, आणि भुसावळच्या उन्हात दोन्ही नकोसं होतं. माझं चोपड्याला सलून आहे, वडिलांपासूनचं. अशी मान घेऊन येणारी पोरं रोज खुर्चीत बसतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी फोडांचं बोलू, कारण खरा त्रास तोच. गळ्याची कातडी ताणून वस्तऱ्याचा उलटा हात मारला की केस कातडीच्याही खाली कापला जातो. ताण सुटला की त्याचं टोक आत राहतं. केस सरळ असेल तर तो वाट काढून बाहेर येतो. कुरळा आणि राठ असेल तर आतल्या आतच वळतो, नाहीतर बाहेर येऊन गोल फिरून पुन्हा कातडीत टोचतो. मग तिथे लाल होतं, दुखतं, कधी पू धरतो. यालाच आपल्याकडे केसतोड झाला म्हणतात. लोक साबण बदलतात, क्रीम बदलतात, न्हावी बदलतात. पण केस एवढा खोल कापणं थांबत नाही तोवर काही फरक पडत नाही.

दुसरी गोष्ट दिशेची. गालावरचे केस बहुतेकांचे वरून खाली जातात. मानेवर तसं नसतं. वादळात गहू जसा चारी बाजूंना आडवा पडतो, तसे तिथले केस कुठे वर, कुठे आडवे, आणि कंठमण्याच्या बाजूला चक्क भोवरा. वडील साबण लावायच्या आधी गिऱ्हाइकाच्या गळ्यावरून कोरडा अंगठा फिरवायचे आणि म्हणायचे, "तुना केस उलटा शेतस." मग त्या माणसाच्या गळ्यावर त्यांचा वस्तरा खालून वर चालायचा, आणि बघणाऱ्याला वाटायचं की उलटी दाढी करताहेत. त्या मानेपुरता तोच सुलटा हात होता. तुम्हीही दोन दिवसांच्या खुंटांवरून बोट फिरवून बघा. ज्या बाजूला गुळगुळीत लागेल ती केसांची दिशा, ज्या बाजूला खरखरेल ती उलटी. डावी-उजवीकडे वेगळं निघालं तर घाबरू नका, तसंच असतं. एकदा कळलं की वस्तरा त्या दिशेनेच चालवायचा, एकच हात, कातडी न ताणता, न दाबता. हात फिरवल्यावर किंचित खरखर लागली पाहिजे. ती खरखर राहिली तरच केसाचं टोक कातडीच्या वर राहतं.

याचा पुरावा आपल्याच घरात सापडतो. श्रावण पाळणारे महिनाभर दाढी करत नाहीत, आणि पोळ्यापर्यंत त्यांची मान स्वच्छ झालेली असते. ही केवळ श्रद्धेची किमया नव्हे. दाढीचा केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो, आणि तेवढा वाढला की आत अडकलेलं टोक स्वतःच ताणलं जाऊन सुटतं. पोळ्यानंतर तीच माणसं दुकानात येऊन सांगतात, "एकदम चिकणी कर," आणि आठवड्यात फोड परत. माझी पोटतिडकीने विनंती आहे की महिनाभर वाढलेली दाढी आधी मशीनने उतरवून घ्या आणि मानेवर वस्तरा लावूच देऊ नका. तुमच्या मानेला कायमचं ट्रिमरच बरं. एक मिलिमीटर ठेवलं तर ऑफिसात कोणी नाव ठेवत नाही.

आता पाणी. आपल्या तापीकाठच्या पट्ट्यात कित्येक ठिकाणी बोअरचं पाणी जड आहे. त्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियममुळे साबणाचा फेस होण्याऐवजी पांढरट चोथा होतो, आणि ब्लेड कोरड्या कातडीवर ओढलं जातं. पिण्याच्या जारमधलं मगभर पाणी दाढीपुरतं वापरा, जमलं तर कोमट करून. केस दोन-तीन मिनिटं भिजला की मऊ पडतो आणि ब्लेडला जोर लागत नाही, म्हणून आंघोळ आधी, दाढी नंतर. एप्रिल-मे मध्ये पारा 45 च्या पुढे गेला की फेस बघता बघता वाळतो. तेव्हा अर्ध्या चेहऱ्याला लावा, तो काढा, मग उरलेला. उन्हाळ्यात रात्री झोपण्याआधी दाढी केलेली चांगली. ताज्या कातडीवर घाम आणि रुमालाचं घासणं आलं की आग होते.

मिशीचं सोपं आहे. शेवभाजीची तर्री मिशीच्या टोकांना लागली की जेवणातलं सुख जातं, हे मी रोज ऐकतो. ओठावर येणारे केस कात्रीनेच कापा, आणि कोरडे असताना. ओला केस ताणला जाऊन लांब दिसतो. तेव्हा कापला की वाळल्यावर आखूड होतो आणि समोर उभा राहतो. बारीक कंगव्याने खाली विंचरा, तोंड मिटलेलं ठेवा, मधून सुरू करून कडेला जा. नंतर बोटावर खोबरेल तेलाचा एक थेंब चोळून फिरवला की केस बसतात. जास्त तेल नको, आपल्या धुळीत ते चिकट होतं.

डाव्या गालाची काळजी तर मुळीच करू नका. तुम्ही वय 24 लिहिलंय. पुष्कळांची दाढी तिशीपर्यंत भरत असते, आणि ती किती भरणार हे घराण्यावर ठरतं. रोज दाढी केल्याने केस दाट होतात हा समज 1928 मध्येच मिल्ड्रेड ट्रॉटर या संशोधक बाईंनी तपासून खोटा ठरवला होता. कापलेल्या केसाचं टोक बोथट असतं म्हणून तो जाड लागतो, एवढंच. मात्र नाण्याएवढा गोल, तुळतुळीत भाग दिसला तर ती चाई असू शकते. तिच्यावर बिब्बा घासायचा सल्ला अजूनही गावोगाव देतात. कृपा करून घासू नका, बिब्ब्याने कातडी जळते. आणि खाज सुटणारं, कडेने वाढत जाणारं गोल चकंदळ असेल तर तो नायटा. मेडिकलवर मागून घेतलेल्या स्टेरॉइडच्या मलमाने तो दोन दिवस दबतो आणि मग दुपटीने पसरतो. दोन्हीसाठी त्वचेचे डॉक्टर गाठा.

सलूनमध्ये बसल्यावर एक मागणी निःसंकोच करा. ब्लेड तुमच्या डोळ्यांसमोर कागदातून काढून, मधोमध मोडून वस्तऱ्यात बसवलेलं हवं. हिपॅटायटिस बी चा विषाणू वाळलेल्या रक्तातही निदान सात दिवस जिवंत राहतो, त्यामुळे हा चोखंदळपणा नाही. तुरटीचा खडाही सगळ्यांना फिरवलेला नको. पाण्यात विरघळवून फवाऱ्याने मारून घ्या, किंवा स्वतःचा खडा घरी ठेवा. यावर रागावणारा कारागीर असेल तर दुसरी खुर्ची शोधा.

राहिले ते सध्याचे फोड आणि काळे डाग. महिनाभर वस्तरा बंद. सकाळ-संध्याकाळ कोमट पाण्यात पिळलेलं स्वच्छ फडकं पाच मिनिटं मानेवर धरा. केसाचा वळसा वर दिसला तर डेटॉलने पुसलेल्या सुईच्या टोकाने तो फक्त उचलून मोकळा करा. चिमट्याने उपटू नका, नवा केस पुन्हा आतच टोचेल. डागांवर लिंबू चोळू नका. उन्हात निघताना मानेला मऊ सुती रुमाल सैल गुंडाळा. डाग जायला काही महिने लागतात, पण नवे फोड थांबले की ते फिके होत जातात. पू वाढत असेल, ताप आला किंवा जाड गाठी राहायला लागल्या, तर महिना पूर्ण व्हायची वाट न बघता डॉक्टरांना दाखवा.