गुडघा, एफडी आणि गरम पाण्याचे दोन दिवस

कल्याणच्या एका वाचक ताईंचं पत्र आलंय. लेक जपानला फुकुओकात नोकरी करते. नोव्हेंबरात ताई आणि त्यांचे मिस्टर (वय 63, बीपीचा त्रास) तिच्याकडे जाणार आहेत, तिकिटं काढून झालीत. त्यातले दोन दिवस दोघांनी गरम पाण्याच्या झऱ्यांच्या गावी, म्हणजे तिथल्या भाषेत 'ओनसेन'ला जायचं ठरवलंय. लेकीला रजा नाही, पण तिने तीन पर्याय पाठवलेत: युफुइनमधलं पारंपरिक जपानी पद्धतीचं निवासगृह, म्हणजे 'र्‍योकान', दोन जेवणांसह माणशी रात्रीला 32,000 येन, बेप्पूतली जुनी साधी धर्मशाळावजा जागा, माणशी 6,000 येन, जेवण नाही, आणि बेप्पू स्टेशनजवळचं हॉटेल, वरच्या मजल्यावर झऱ्याच्या पाण्याची स्नानगृहं, दोघांच्या खोलीला 15,000 येन. ताईंचा जीव र्‍योकानमध्ये अडकलाय. 'आयुष्यात एकदाच जाणार, मग कंजुषी कशाला? चार लाखांची एफडी आहे, ती मोडू का?' असं त्या विचारतात. त्या शुद्ध शाकाहारी आहेत, मिस्टर अंडं खातात. आणि पत्राच्या शेवटच्या ओळीत, जाता जाता: ही एफडी मिस्टरांच्या गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी ठेवलेली आहे, फेब्रुवारीत मुदत संपते.

ताई, ती शेवटची ओळ पहिली हवी होती. तुमचा निम्मा हिशेब तिथेच आहे.

आधी एफडी. दोन वर्षांची, 7 टक्क्यांची, आणि नोव्हेंबरात तिचे 21 महिने झालेले असतील. मुदतीआधी मोडली की बँक ठरलेला दर देत नाही. जितके दिवस पैसे राहिले तितक्या दिवसांचा दर धरते आणि त्यातून बहुधा अर्धा ते एक टक्का दंड कापते. समजा हातात 5.75 टक्के पडले, तर चार लाखांवर साधारण पावणेनऊ हजार गेले. पैसे लागणारच असतील, तर त्याच एफडीवर कर्ज मिळतं, एफडीच्या दरापेक्षा साधारण एक टक्का जास्त व्याजाने. 77 हजार तीन महिन्यांसाठी घेतले तर व्याज दीड हजाराच्या आसपास. म्हणजे कुठलाही पर्याय घ्या, एफडी मोडणं हा त्यातला सगळ्यात महागडा रस्ता. पण माझ्या मते कर्जाचीही वेळ येऊ नये.

येनाला 60 पैसे धरू. र्‍योकानचे दोघांचे दोन रात्रींचे 1,28,000 येन, म्हणजे 76,800 रुपये. तिथे दर खोलीचा नसून माणशी असतो, हे आपल्याकडच्या लोकांच्या पटकन लक्षात येत नाही. या पैशांत मोठा वाटा जेवणाचा असतो: छोट्या छोट्या वाट्यांतून येणारे दहा-बारा पदार्थ, आणि त्यात मासे. भाजीसुद्धा बहुतेक वेळा सुकवलेल्या माशाच्या पाण्यात शिजवलेली. आधी कळवलं तर काही ठिकाणी वेगळं करून देतात, सगळीकडे नाही. तुम्ही भात, लोणचं आणि फळाची फोड खाऊन उठणार आणि बिल मात्र पूर्ण पंगतीचं भरणार. तुम्ही मासे खाणाऱ्या असतात, तर मी एक रात्र र्‍योकानला राहाच म्हटलं असतं, अगदी खरं.

मग सगळ्यात स्वस्त जागा? मलाही तीच आवडते. पण अशा जुन्या जागी चटईवर गादी घालून झोपायचं, संडास बऱ्याचदा सामायिक, जिना अरुंद आणि लिफ्ट नाही. ऑपरेशनला आलेला गुडघा घेऊन रात्री दोनदा जमिनीवरून उठायचं? वाचलेले तीन-चार हजार तिथेच फिटले.

राहिलं स्टेशनजवळचं हॉटेल: पलंग, लिफ्ट, दोन रात्रींचे 18,000 रुपये. खाणं आणि स्थानिक बस धरून 30 हजारांत बसतं, आणि बचत खात्यात 60 हजार आहेत असं तुम्हीच लिहिलंय. अंग धुवायची स्टुलं तिथेही बुटकी असतात, म्हणून उंच स्टूल आणि कठडा आहे का, हे लेकीला विचारायला सांगा.

स्वस्तातलं पाणी खोटं असेल, ही शंका बेप्पूत फारशी धरू नका. जपानच्या 1948 च्या कायद्याप्रमाणे झऱ्याचं पाणी निदान 25 अंशांचं असावं लागतं किंवा त्यात ठरावीक क्षार असावे लागतात. बेप्पूत तर दोन हजारांवर झरे आहेत, जपानातल्या कुठल्याही गावापेक्षा जास्त. पाण्याचा तिथे तुटवडा नाही. किमतीतला फरक मुख्यतः जेवण, बाग आणि खोलीचा.

आणि खाण्याचं म्हणाल, तर बेप्पूच्या कान्नावा भागात चला. रस्त्याच्या कडेच्या जाळीतून वाफ वर येत असते. त्याच वाफेच्या भट्टीवर बांबूच्या टोपलीत रताळी, कणीस, भोपळा, अंडी ठेवायची, झाकण घालायचं आणि घड्याळ लावून बसायचं. ना माशाचं पाणी, ना मसाला. सोबत घरचं तिखटमीठ न्या. वज्रेश्वरी-गणेशपुरीच्या कुंडांत पाय सोडून बसलेल्या कल्याणकरांना यापेक्षा ओळखीचं परदेशात दुसरं काय सापडणार? 1938 सालची ताकेगावाराची लाकडी स्नानगृहाची इमारतही पाहून घ्या, आत जायला काहीशे येन पुरतात.

एक नाजूक मुद्दा. सामायिक कुंडात बायका-पुरुष वेगळे असतात, पण अंगावर कपडा चालत नाही. तिथे जाऊन संकोचाने परत फिरलात तर खोलीचे पैसे वाया. त्यासाठी खासगी कुंड असलेली महागडी खोली मात्र घेऊ नका. तासावर भाड्याने मिळणारी कौटुंबिक कुंडं बेप्पूत आहेत. मिस्टरांचा गुडघा आणि बीपी, दोन्ही डॉक्टरांना विचारून घ्या, आणि प्रवास विम्याच्या अर्जात दोन्ही लिहा. लपवलं की दावा अडकतो.

'एकदाच' या शब्दावर माझा विश्वास नाही, लेक तिथे आहे तोवर. फुकुओकाहून बेप्पू रेल्वेने दोन तासांवर आहे. युफुइन बघायचंच असेल तर बेप्पूहून सकाळी जाऊन संध्याकाळी परत येता येतं.

शनिवारची रात्र टाळा, दर चढतात; मंगळवार-बुधवार बघा. फुकट रद्द करता येणारंच बुकिंग घ्या. माणशी तीनशे येनांच्या आतला स्नानकर वेगळा लागतो आणि तो बऱ्याचदा तिथेच रोख मागतात. साध्या क्रेडिट कार्डवर परकीय चलनाचे तीन-साडेतीन टक्के आणि वर जीएसटी जातो, तेव्हा तो आकार नसलेलं कार्ड आत्ताच मागवा.

आणि बँकेत एक चक्कर मारा. एफडीवर आपोआप नूतनीकरणाची सूचना असेल तर ती काढून टाका. नाहीतर फेब्रुवारीत पैसे पुन्हा दोन वर्षांसाठी अडकतील आणि ऑपरेशनच्या तोंडावर तीच एफडी मोडायची वेळ येईल.