पाचवीतल्या मुलांना वाचता येत नाहीये, बी.एड. नसताना आपण शिकवलं तर खरंच फरक पडतो का?

पडतो, आणि चांगलाच पडतो. तुम्ही लिहिलंय की मागच्या वस्तीतली मुलं पाचवी-सहावीत गेलीत तरी धड वाचता येत नाही आणि तुमचं फक्त बी.कॉम. झालंय म्हणून कचरताय, तर ते डिग्रीचं टेन्शन आधी सोडा. 'प्रथम' ह्या मुलांच्या शिक्षणात काम करणाऱ्या संस्थेचा बालसखी प्रोग्रॅम ह्याच लेव्हलवर चालायचा, वस्तीतलीच दहावी-बारावी शिकलेली एखादी ताई, दोन आठवड्यांचं ट्रेनिंग, आणि महापालिका शाळेतली तिसरी-चौथीची मागे पडलेली पंधरा-वीस मुलं घेऊन ती रोज दोन तास वेगळी बसायची. २००१ ते २००३ मध्ये मुंबई आणि बडोद्यात त्याचा अभ्यास झाला, अभिजित बॅनर्जी आणि एस्तेर डुफ्लो हे अर्थशास्त्रज्ञ त्यात होते (हो, २०१९ चे नोबेलवालेच), आणि फायदा कोणाला झाला तर सगळ्यात कच्च्या मुलांना.

पण एक गोष्ट पाळायची, पाचवीचं पुस्तक उघडायचंच नाही! मूल जिथे अडकलंय तिथून सुरू करायचं, मग ते पहिलीचं का असेना. 'असर' नावाच्या शिक्षण सर्वेक्षणातली वाचन चाचणी नेटवर फ्री मिळते, अक्षरं, शब्द, सोपा परिच्छेद आणि दुसरीच्या लेव्हलची गोष्ट, एका मुलाला पाच-दहा मिनिटं पुरतात. स्वतःच्या पुस्तकातला धडा मात्र वाचायला देऊ नका, आमच्या संध्याकाळच्या वर्गात एक मुलगी अख्खा धडा घडाघडा म्हणायची, मधल्याच एका शब्दावर बोट ठेवलं की गप्प, सगळं पाठ होतं तिचं. मग इयत्ता विसरून लेव्हलप्रमाणे गट करा, बाराखडीचा तक्ता रोज मोठ्याने वाचून घ्या, जोडाक्षरं नंतर, आणि गोष्टीची छोटी पुस्तकं हातात खेळू द्या.

गणितातपण तेच. ४२ वजा १७ दिलं की बरीच मुलं ३५ लिहितात, कारण दोनातून सात जात नाहीत म्हणून सरळ सातातून दोन काढतात. ओरडू नका, आईस्क्रीमच्या काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे रबर लावून द्या आणि सतरा काड्या काढून दे म्हणा, गठ्ठा सोडल्याशिवाय जमतच नाही आणि तिथे हातचा म्हणजे काय ते त्याला स्वतःलाच कळतं.

रविवारी तीन तास घेऊ का असं विचारलंय तुम्ही, तर शक्यतो नको, त्यापेक्षा रोज एक तास घ्या, तुम्हाला रोज जमत नसेल तर वस्तीतल्याच अकरावी-बारावीच्या एक-दोन मुलींना सोबत घ्या, त्यांना थोडं मानधन द्या, मुलं त्यांचं जास्त ऐकतात. आणि वाचायला लागलं की लगेच वर्ग बंद करू नका प्लीज, बालसखीतसुद्धा प्रोग्रॅम सुटल्यावर वर्षभरात बराचसा फायदा ओसरला होता, त्यामुळे पुढच्या वर्षीचाही विचार आत्ताच करून ठेवा.