मोजपट्टी : बंक बेड घ्यायचाय? आधी वर बघा

शाळा सुरू व्हायच्या आधी मुलांची खोली लावून टाकायची टूम घरोघरी निघते आणि माझ्या टपालात बंक बेड, म्हणजे एकावर एक रचलेले पलंग, येऊन पडतात. या वेळी चार पत्रं घेतली आहेत. पहिल्याला जागा जास्त दिली, कारण बाकीच्यांचं निम्मं उत्तर त्यातच आहे.

प्रश्न : सर, आमचा टू बीएचके आहे. मुलांची खोली ८ बाय १० फूट. मुलगी ८ वर्षांची, मुलगा साडेचार वर्षांचा. उल्हासनगरच्या फर्निचर बाजारात दोन बंक बेड पाहिले. एक लोखंडी, साध्या शिडीचा. दुसरा प्लायचा, बाजूला जिना आणि जिन्याच्या प्रत्येक पायरीत ड्रॉवर. मला दुसरा आवडलाय, मिस्टर लोखंडीच घेऊ म्हणतात. दुकानदाराच्या मते दोन्ही मजबूत. कोणता घ्यावा?
— एक वाचक, डोंबिवली पूर्व

उत्तर : ताई, पत्रात खोलीची लांबी आली, रुंदी आली, ड्रॉवर आले. पंखा आला नाही. लोखंड की प्लाय ते मागाहून बघू, आधी मान वर करा.

बंक बेड जमिनीवरची जागा वाचवतो हे खरं, पण ती तो छताकडून वसूल करतो. आणि आपल्याकडे छताखाली पंखा गरगरत असतो. परदेशी कॅटलॉगमधल्या फोटोत तो नसतो, म्हणून आपल्यालाही आठवत नाही.

हिशेब करू. तुमच्या इमारतीत लादीपासून छतापर्यंत साधारण ९ फूट असतील. खालची फळी जमिनीपासून फूटभर, तिच्यावर ५ इंची गादी. खालच्या गादीवर मोठ्या माणसाला ताठ बसता यावं म्हणून ३४ इंच मोकळे सोडले आणि वरच्या फळीसाठी, चौकटीसाठी ३ इंच धरले, तर वरची फळी साडेचार फुटांवर येते. तिच्यावर ४ इंची गादी घातली की मुलगी जमिनीपासून ४ फूट १० इंचांवर झोपणार. पंख्याची पाती छतापासून सव्वा फुटाच्या आत-बाहेर लोंबतात, म्हणजे तिच्या गादीपासून जेमतेम ३ फुटांवर. आता तिला जमिनीवर मांडी घालून बसवा, हात वर करायला सांगा आणि बोटांच्या टोकापर्यंत टेप लावा. ३ फुटांच्या आसपास आकडा येईल. ती गादीवर उभी राहिली तर काय, ते लिहीत नाही. आणि उभी ती राहणारच.

हे झालं उभं माप, आता आडवं. ४८ इंची पंख्याचं पातं मधल्या दांड्यापासून २ फूट लांब पोहोचतं. तुमच्या खोलीत पंखा मधोमध असेल तर तो लांब भिंतींपासून ४ फुटांवर आहे. बेड १० फुटी भिंतीला लावलात, तर पात्यांचं टोक भिंतीपासून २ फुटांवर आणि बेडची कड चौकट धरून ३ फूट २ इंचांवर. म्हणजे फूटभराहून जास्त गादीवर पाती फिरणार. हे बादच. बेड ८ फुटी भिंतीला लावला तर पंखा ५ फूट लांब, पात्यांचं टोक ३ फुटांवर. तरीही कडेचे दोन इंच पात्यांखाली येतातच. ३६ इंची पंखा बसवून अर्धा फूट मिळतो, पण लहान मुलाचा हात अर्ध्या फुटाला जुमानत नाही.

म्हणून तुमच्या खोलीपुरतं माझं मत स्पष्ट आहे : छताचा पंखा उतरवा. समोरच्या भिंतीवर, मुलांच्या हाताला लागणार नाहीत असे, बारीक जाळीचे दोन भिंतीवरचे पंखे लावा. एकाचा झोत वरच्या गादीवर, दुसऱ्याचा खालच्या. नाहीतरी छताच्या पंख्याचा वारा खालच्याला मिळत नाही, वरची फळीच तो अडवते. खाली झोपलेलं मूल मे महिन्यात घामाघूम होऊन रात्री तुमच्या खोलीत येतं आणि बेडचे पैसे वाया जातात, ते यामुळेच.

ज्यांची खोली १० बाय १० किंवा त्याहून मोठी आहे त्यांनी बेड कोपऱ्यात सारावा आणि उशी कोपऱ्याच्या बाजूला ठेवावी, म्हणजे डोकं पंख्यापासून लांबात लांब राहतं. शिडी लांब बाजूला पायथ्याकडे मात्र नको. तिथून चढणारं मूल नेमकं पंख्याकडे झुकतं. ती बेडच्या आखूड बाजूला, नाहीतर उशीकडच्या टोकाला घ्यावी. आणि हे सगळं करूनही वर बसून हात वर केल्यावर पातं लागेल अशी शंका असेल, तर पंखा हलवायचा, शंका नाही.

आता तुमचा ड्रॉवरचा जिना. बेड साडेसहा फूट, जिना दीड फूट, झाले ८ फूट. भिंत ८ फुटांची. प्लास्टर आणि स्कर्टिंग धरलं की तो बेड त्या भिंतीला बसणारच नाही. दुकानदार मोजायला घरी येणार नव्हता, म्हणून त्याला दोन्ही बेड चालतात. जिन्याची कल्पना वाईट नाही, लहान मुलाला शिडीपेक्षा तो सोपा. पण त्याला १० फुटी भिंत लागते, आणि छताचा पंखा उतरवला नाहीत तर तिथे तो आडवा येतो.

आणि उतरवलात तरी मिस्टरांचंच ऐका. लोखंडी घ्या. त्याच्या बाजू उघड्या असल्यानं खालच्याला हवा लागते, प्लायच्या बंद पेटीत कोंदटतं. फक्त घेण्याआधी एवढं बघा. शिडीच्या पायऱ्या गोल पाइपच्या नकोत. अनवाणी तळव्याला त्या रुततात आणि घाम आला की निसटतात. तीन-चार इंच रुंदीच्या चपट्या पायऱ्या मागा, सगळ्यांमधलं अंतर सारखं हवं आणि शिडी बेडला बोल्टनं आवळलेली हवी, नुसती अडकवलेली नको. वरचा कठडा दोन्ही हातांनी धरून बेड लांबीच्या दिशेनं गदागदा हलवा. दुकानदार कपाळाला आठ्या घालेल, घालू द्या. तुमची मुलं काही कमी हलवणार नाहीत. वेल्डिंगवरून बोट फिरवा, टोचलं तर पावडर कोटिंगखाली घाई झाकली आहे. पाइपांची उघडी तोंडं टोप्यांनी बंद आहेत का तेही बघा.

वर मुलगीच झोपणार, मुलगा नाही. अमेरिकेत आणि युरोपात दोन्हीकडे ६ वर्षांखालच्या मुलाला वर झोपवू नये असंच सांगतात. तो दिवसासुद्धा वर चढणार असं धरून चाला आणि पहिलं वर्षभर शक्य असेल तर सुटी होणारी शिडी घ्या, जी दिवसा काढून दाराआड ठेवता येईल. बोल्ट हातानं फिरवायच्या नॉबचे असले की हे जमतं.

प्रश्न : आमच्या सोसायटीतलं एक कुटुंब बदली होऊन चाललंय. त्यांचा लाकडी बंक बेड ते फुकट देताहेत. सुटा करून ठेवलाय, काही स्क्रू हरवलेत. आम्ही भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहतो. मुलं ७ आणि १० वर्षांची. घ्यावा का?
— एक बाबा, वाकड, पुणे

उत्तर : फुकट आहे म्हणून नव्हे, मापात बसला तर घ्या.

जाड पुठ्ठ्याचा ९ सेंटिमीटरचा चौकोन कापून खिशात घालून जा. वरच्या मजल्यावर जिथे जिथे फट आहे तिथे तो सरकवून बघा : कठड्याच्या दोन पट्ट्यांमध्ये, कठडा आणि गादीखालच्या फळीमध्ये, उशाकडच्या जाळीत. सहज आरपार गेला तर त्या फटीत पट्टी ठोकावी लागेल. अमेरिकेत हीच मर्यादा साडेतीन इंच आहे, युरोपात ती आणखी कडक, साडेसात सेंटिमीटर. यामागचं कारण ऐकायला बरं नाही, पण सांगतो. झोपेत मुलाचे पाय आणि धड फटीतून खाली सरकतात, डोकं सरकत नाही. अमेरिकेनं १९९९ साली बंक बेडचा नियम केला तो अशाच अपघातांमुळे, आणि म्हणून त्यात भिंतीच्या बाजूलाही सलग कठडा सक्तीचा आहे. आपल्याकडे ‘तिथे भिंत आहे की’ म्हणून तो वाचवतात. बेड भिंतीपासून हळूहळू सरकतो आणि तयार झालेल्या फटीकडे कुणाचं लक्ष जात नाही. तुम्हाला मिळणाऱ्या बेडला तो कठडा नसेल तर सुताराकडून बसवून घ्या, दोन तासांचं काम आहे.

मग गादीखालच्या पट्ट्या. त्या चौकटीला स्क्रूनं पक्क्या हव्यात, नुसत्या ठेवलेल्या नकोत. खाली झोपलेलं मूल पाय वर करून वरच्याला ढुशा देतं, हा खेळ प्रत्येक घरात होतो. सुट्या पट्ट्या त्या ढुशांनी जागेवरून उठतात.

हरवलेल्या स्क्रूंच्या जागी जो हाताला येईल तो स्क्रू पिळू नका. पाय आणि चौकट जोडणारे आरपार बोल्टच असतात, तेच त्याच मापाचे हार्डवेअरच्या दुकानातून आणा, सोबत वॉशर आणा. बेड पार्टिकल बोर्डचा असेल आणि जुन्या भोकांभोवती भुसा सुटला असेल तर मात्र नमस्कार करून परत या. त्या बोर्डात एकदा उकललेलं भोक पुन्हा स्क्रू धरत नाही. प्लाय किंवा भरीव लाकूड असेल तर दुरुस्ती होते.

भारतीय मानक ब्यूरोचंही बंक बेडसाठी वेगळं मानक आता आहे, आयएस १७६३६. जुन्या बेडवर तो शिक्का शोधण्यात अर्थ नाही, नवीन घेणाऱ्यांनी मात्र दुकानात विचारावं. दहा ग्राहकांनी विचारलं की दुकानदारही विचारायला लागतो.

भाड्याच्या घराबद्दल : उंच बेड भिंतीला ब्रॅकेटनं बांधलेला बरा, पण भोकं पाडायची तर मालकांना आधी विचारा. आणि भिंत कशाची आहे ते बघा. बऱ्याच नव्या इमारतींत ती सिपोरेक्सच्या, म्हणजे हलक्या सच्छिद्र काँक्रीटच्या ठोकळ्यांची असते. तिथे नेहमीचा प्लास्टिकचा गुल्ला सैल होऊन निघतो, त्या ठोकळ्यांसाठीचा वेगळा अँकर मिळतो. भिंत सबंध काँक्रीटची असेल तर हॅमर ड्रिलवाला बोलवा. मालक नाहीच म्हणाले तर बेड कोपऱ्यात, दोन बाजूंना भिंत मिळेल असा लावा, आणि दर दोन-तीन महिन्यांनी बोल्ट आवळा.

प्रश्न : जुळे मुलगे, वय ५. दोघांनाही वरच झोपायचंय. आठवड्याची पाळी लावावी का?
— नागपूर

उत्तर : नाही. दोघंही खाली. तूर्त एका पलंगाखालून दुसरा सरकवत बाहेर काढायचा असतो तो ट्रॉली बेड घ्या. जागा तेवढीच वाचते आणि पडलं तर फूटभरावरून पडतं. ६ वर्षांचे झाले की पाळीचं भांडण तुमची वाट बघत असेलच.

प्रश्न : चिपळूणजवळ आमचं जुनं कौलारू घर आहे. सुट्टीत चार नातवंडं येतात, वयं ६ ते १२. घरचंच सागवान कापून ठेवलंय. सुतार ओळखीचा आहे, पण त्यानं बंक बेड कधी केलेला नाही. त्याला काय सांगू? मच्छरदाण्या लागतातच.
— एक आजोबा

उत्तर : नमस्कार. सागवान आहे, सुतार आहे, तुम्ही बाजारातल्यापेक्षा चांगला बेड करून घ्याल. त्याला कागदावर ही मापं लिहून द्या. वरच्या कठड्याच्या आडव्या पट्ट्यांत अडीच ते पावणेतीन इंच फट. कठडा चारही बाजूंनी, फक्त चढायला १४-१५ इंचांची एक वाट. गादीखालच्या पट्ट्यांमध्ये ३ इंचांहून कमी अंतर, आणि सलग फळी नको. पावसाळ्यात गादीला खालून बुरशी धरते. खांबांच्या डोक्यावर लट्टू, कळस असलं काही कातू नये. सुताराला हौस असते ती, पण उतरताना मुलाचा सदरा तिथेच अडकतो. खांबाचं डोकं कठड्याशी सपाट आणि कडा गोल मारलेल्या.

कौलारू घरात बेड छपराच्या उताराच्या खालच्या बाजूला येतो आणि उशाकडे वासा डोक्याला लागतो. आधी जमिनीवर खडूनं बेड आखा आणि वरच्या गादीच्या उंचीवरून वाशापर्यंत किती उरतं ते मोजा. ३ फूट तरी हवेत, आणि तेही बेडच्या भिंतीकडच्या कडेला मोजून.

मच्छरदाणी कठड्याला दोऱ्यांनी बांधू नका. वरच्या मजल्यावर लोंबणारी दोरी, ओढणी, पंचा, यातलं काहीही मुलाच्या गळ्याशी अडकू शकतं. वाशाला आडव्या दांड्या टांगून चौकोनी मच्छरदाणी तिथून सोडा आणि तिची झालर गादीखाली खोचा. खालच्यासाठी वरच्या चौकटीच्या आतल्या बाजूनं चुटपुट बटणं लावून घेतली की दोरीची गरजच पडत नाही.

राहिली गादी. तुमच्याकडे कापसाच्याच असणार. पिंजून आणलेली गादी पहिल्या महिन्यात सहा-सात इंच फुगते, मग बसत बसत चारावर येते. कठडा गादीच्या वर निदान साडेसहा इंच उरला पाहिजे, म्हणून सुतारानं फळीपासून १४ इंचांचा कठडा धरावा आणि माप नुकत्याच पिंजलेल्या गादीवर घ्यावं. वर गोधडी दुमडून घालायची सवय असेल तर आणखी दोन इंच. आणि कठड्याच्या आतल्या बाजूला, जिथवर गादी यायला हवी तिथे सुताराकडून पटाशीनं एक रेघ मारून घ्या. पुढच्या सुट्टीत गादी कुणीही घातली तरी तिला रेघेच्या वर जाऊ द्यायचं नाही, एवढं घरातल्यांना सांगून ठेवा.