त्या पानावर आलं की सगळे मोबाइल बघायचे

“मॅडम, मी आता लिहिणार नाही. मला येतच नाही ते.”

पुण्यात ऑगस्ट-सप्टेंबर म्हणजे एकांकिका स्पर्धांचा मोसम. तो सरत आला की समुपदेशनाच्या खोलीत समोरच्या खुर्चीतून हे वाक्य मला हमखास ऐकू येतं. कुणी तरी चारचौघांत काम फाडून ठेवलेलं असतं आणि मुलं विचारतात, यातून बाहेर कसं यायचं?

मेघाची गोष्ट सांगते. नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. सातारा जिल्ह्यातली मुलगी, बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला. वडील एसटीत वाहक. 2021-22 चा एसटीचा संप पाच महिन्यांहून जास्त चालला, तेव्हा ती बारावीत होती. त्या दिवसांवर तिनं एकांकिका लिहिली. दीड महिना तालमी झाल्या. प्राथमिक फेरीनंतर परीक्षक संघाशी बोलायला बसले आणि त्यांतल्या एकांनी विचारलं, “लेखिका कोण?” ती उभी राहिली. “ही एकांकिका नाही, पेपरातली बातमी आहे. नाटक कशाशी खातात ते आधी शिका, मग लिहा.” मागे वीसेक मुलं होती.

त्यानंतर तिनं ग्रुप सोडला. कॅन्टीनच्या रस्त्यानं जाणं टाळलं. पहाटे तीनला जाग यायची आणि तेच वाक्य डोक्यात फिरत राहायचं.

मी आधी सरळ विचारलं, “जगू नये असं मनात येतं का?” ती म्हणाली, नाही. हा प्रश्न विचारल्यानं कुणाच्या डोक्यात तो विचार शिरत नाही, म्हणून आईवडिलांनी आणि शिक्षकांनीही तो विचारावा. उत्तर ‘हो’ आलं तर मुलाला एकटं सोडू नये. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक चोवीस तास, मोफत चालू असतो.

‘मनावर घेऊ नकोस’ असं मी तिला म्हटलं नाही. मोठमोठ्या लेखकांच्या पडलेल्या नाटकांच्या गोष्टीही सांगितल्या नाहीत. भाजलेल्या हाताला दुसऱ्याच्या जुन्या जखमा दाखवून काय होणार? मी एवढंच विचारलं, “त्यातला कुठला शब्द सगळ्यात जास्त लागला?”

ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “बातमी. घरात पगार येत नव्हता मॅडम. मम्मीनं गंठण गहाण टाकलं. ती काय बातमी आहे का?”

गाठ इथे होती. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी 1955 च्या सुमारास मांडलेली आणि कि. मो. फडके यांनी मराठीत रुजवलेली विवेकनिष्ठ उपचारपद्धती मी वापरते. घटना आणि आपला त्रास यांच्या मधे आपण लावलेला अर्थ असतो, हा तिचा गाभा. मेघानं लावलेला अर्थ असा होता: एकांकिका पडली म्हणजे मी पडले, आणि पप्पांचे ते दिवसही कवडीमोल ठरले. संहितेला गुण देता येतात. माणसाला आणि त्याच्या घरानं सोसलेल्या दिवसांना गुण देण्याचा अधिकार कुठल्याच परीक्षकाला नाही. हे समजायला तिला दोन भेटी लागल्या, आणि लागणारच.

परीक्षकांची भाषा चुकीचीच होती, हेही मी तिला स्पष्ट सांगितलं. अशानं मुलं घट्ट होतात, हे मला पटत नाही. माझ्याकडे येतात ती मुलं घट्ट झालेली नसतात, थांबलेली असतात.

तिसऱ्या भेटीत वही घेतली. त्या दिवशीची आठवतील ती सगळी वाक्यं लिहायची. माणसाबद्दलची एका बाजूला, संहितेबद्दलची दुसऱ्या बाजूला. हे पहिल्याच दिवशी करू नये, कारण जखम ओली असताना सगळीच वाक्यं आपल्याबद्दलची वाटतात. सात वाक्यं निघाली. चार माणसाबद्दलची. त्यांवर तिनं स्वतःच काट मारली. उरलेल्या तिनांत एक होतं: ‘वडिलांची घालमेल नुसती सांगितली जाते, दिसत नाही.’

“हे तुला आधी कधी वाटलं होतं?” मी विचारलं.

ती कसनुसं हसली. “तालमीत त्या पानावर आलं की सगळे मोबाइल बघायचे.”

म्हणजे तिला माहीत होतं. मला त्या क्षणी फार बरं वाटलं. ज्या मुलीला आपल्या संहितेतलं मेलेलं पान ओळखता येतं, तिला ‘येतच नाही’ कसं म्हणायचं? मी तिला तेच एक पान पुन्हा लिहायला सांगितलं. स्पर्धेसाठी नाही, आणि पंधरा मिनिटांच्या वर नाही.

महिन्यानं ती आली. दीड पानांच्या भाषणाच्या जागी आता संवादच नव्हता. कामावर जायचं नसतानाही वडील दर रविवारी खाकी गणवेश धुतात, इस्त्री करतात आणि खिळ्याला टांगतात, एवढंच.

“घरी वाचून दाखवलंस?”

“हो. पप्पा म्हणाले, मी बुधवारी धुवायचो, रविवारी नाही.”

तिनं वही उघडून मला दाखवली. रविवार खोडला होता.