मायक्रोवेव्हमध्ये कमी तेलात भाज्यांचे काप कुरकुरीत होतात का?

होतात, आणि छान होतात. आमच्या बेळगाव-खानापूर भागात रताळी भरपूर, म्हणून मी बटाट्याबरोबर त्यांचेही करते. मायक्रोवेव्ह भाजत नाही, आतलं पाणी तापवून त्याची वाफ करतो. ती वाफ निघून गेली तरच कुरकुरीतपणा येतो. त्यामुळे किसणीवर अगदी पातळ काप काढा, बटाट्याचे पाण्यात धुऊन घ्या, फडक्यावर नीट कोरडे करा. चमचाभर तेल चोळून ताटलीत सुटे पसरा. झाकण नको. फुल पॉवरवर ३ मिनिटं, उलटून आणखी १-२. शेवटी तिथून हलू नका, रताळ्यात साखर असते, झटकन करपतं! गार झाले की कडक होतात. भजीच्या वाटेला मात्र जाऊ नका, पीठ चिवट होतं.