चेंडू आपल्याकडे नसताना

प्रश्न : मी 11-12 वर्षांच्या मुलांच्या बेसबॉल संघाला शिकवतो. मुलं खेळतात बरी, पण अंगात चपळाई म्हणून नाही. इनिंग संपली की रमतगमत डगआउटकडे (मैदानाच्या कडेला संघ बसतो तिकडे) येतात. साधा ग्राउंडर (जमिनीवरून गेलेला फटका) गेला की ‘आउटच होणार’ असं धरून अर्ध्या वाटेत पाय सोडतात. मी ओरडतो, मैदानाला फेऱ्या मारायला लावतो. दोन दिवस फरक दिसतो, मग पुन्हा तेच. सामना संपला की बॅटी, हेल्मेटं जागच्या जागी टाकून पसार. सगळ्यात आळशी आहे तो आमचा सगळ्यात चांगला बॅटर. त्याला बाहेर बसवू का?

उत्तर : बसवण्याचं नंतर बघू. आधी त्या फेऱ्या बंद करा. पळणं ही शिक्षा आहे हे आपणच मुलांना शिकवायचं आणि वर त्यांनी हौसेनं पळावं म्हणायचं, हे कसं जमणार?

ग्राउंडरचं घ्या. या वयात लिटल लीगच्या (मुलांच्या बेसबॉल संघटनेच्या) मैदानावर दोन बेसमधलं, म्हणजे पळून गाठायच्या दोन ठाण्यांमधलं, अंतर 60 फूट असतं, मोठ्यांचं 90. तेवढ्यात शॉर्टस्टॉपला (सेकंड आणि थर्ड बेसच्या मध्ये उभा असतो त्याला) चेंडू अडवायचा, ग्लोव्हमधून काढायचा, नेम धरून फेकायचा आणि पलीकडे फर्स्ट बेसवरच्यानं तो झेलायचा. या चारपैकी एक तरी काम बारा वर्षांच्या पोराकडून बिघडतं, विशेषतः समोरून कोणी जीव खाऊन पळत असेल तर. हे भाषणातून सांगू नका. तुमच्या त्या लाडक्या बॅटरलाच शॉर्टस्टॉपला उभं करा. आधी पळणाऱ्याला सावकाश जायला सांगा, मग पूर्ण वेगानं. दुसऱ्या वेळी त्याचे हात कसे घाईला येतात ते त्यालाच कळेल.

बरीच मुलं आळसानं मंदावत नाहीत, चेंडू कुठे गेला ते बघत पळतात म्हणून मंदावतात. नाहीतर बेसवर थांबायचं या विचारानं दोन पावलं आधीच ब्रेक लावतात, किंवा शेवटी बेसवर उडी मारतात. उडीत वेळ जातो. फर्स्ट बेस (बॅटरनं आधी गाठायचा तो) ओलांडून पुढे जायला नियमानं मुभा आहे. सेकंडकडे जायचा प्रयत्न केला नाही तर परत येताना कोणी टॅग करून (चेंडू अंगाला लावून) आउट करू शकत नाही. म्हणून बेसच्या चार-पाच पावलं पुढे एक शंकू ठेवा आणि शर्यत शंकूपर्यंत लावा. बेसच्या पुढच्या कडेवर पाय पडला की झालं.

आता खरी गोष्ट. चेंडू अंगावर आला की कोणीही धावतो. चेंडू आपला नसतो तेव्हा बहुतेक मुलं उभी राहतात, कारण त्या वेळी काय करायचं हे त्यांना कोणी सांगितलेलंच नसतं. बेसवर पळणारा कोणी नसताना शॉर्टस्टॉपकडे ग्राउंडर गेला, तर कॅचरनं (बॅटरच्या मागे बसतो त्यानं) पळणाऱ्याच्या मागोमाग फर्स्टच्या दिशेनं जायचं, राईट फील्डरनं आत येऊन फर्स्टच्या मागे उभं राहायचं, लेफ्ट फील्डरनं शॉर्टस्टॉपच्या पाठीशी यायचं. सरावात असा चेंडू मारा, थ्रो झेलला की ‘थांबा’ म्हणा आणि नऊच्या नऊ जणांना विचारा, ‘तू इथे का?’ जो मूळ जागेवरच असेल त्याला उत्तर सुचणार नाही. रागवायची गरज पडत नाही.

अमेरिकेतल्या व्यावसायिक बेसबॉलमधला 13 ऑक्टोबर 2001 चा न्यूयॉर्क यांकीज विरुद्ध ओकलंड प्लेऑफ (बाद फेरीचा) सामना मुलांना दाखवा. सातव्या इनिंगमध्ये उजवीकडून आलेला थ्रो मधल्या दोघांच्या डोक्यावरून गेला. यांकीजचा शॉर्टस्टॉप डेरेक जीटर धावत फर्स्ट बेसच्या रेषेपाशी पोहोचला, चेंडू उचलला आणि अंगाबाहेर नुसता झटकून कॅचरकडे दिला. धाव पूर्ण करायला निघालेला ओकलंडचा जेरेमी जियाम्बी होमवर (शेवटच्या बेसवर) आउट. यांकीजनी सामना 1-0 असा जिंकला. जियाम्बीनं स्लाइड केली नव्हती, म्हणजे बेसवर घसरत गेला नव्हता, तेही दाखवा.

एक मात्र सांभाळा. सगळ्यांनी सतत पळायचं असा नियम करू नका. 11-12 वर्षांच्या पिचरला (बॅटरकडे चेंडू टाकणाऱ्याला) लिटल लीगमध्ये दिवसाला 85 पिचेसची मर्यादा घातली आहे ती उगाच नाही. लांबलचक इनिंग टाकून आलेला पिचर चालत आला तर येऊ दे. कॅचरचंही तसंच.

डगआउटमधलं काम नावानं वाटून द्या. ‘सगळ्यांनी आवरा’ म्हटलं की कोणीच आवरत नाही. एकाकडे हेल्मेटं, एकाकडे बॅटी, एकाकडे चेंडूंची बादली. कॅचर बेसवर अडकला असताना इनिंग संपली तर दोघांनी त्याचे शिनगार्ड (नडगीची पॅडं) हातात घेऊन तयार राहायचं, एकानं डावा पाय बांधायचा, दुसऱ्यानं उजवा. हे काम मुलांना भलतंच आवडतं. आणि तुम्ही स्वतः थर्ड बेसच्या कोचिंग बॉक्सकडे कसे जाता? खिशात हात घालून?

राहिला तुमचा तो बॅटर. बसवा, पण नियम हंगामाच्या सुरुवातीला सगळ्यांना सांगितलेला हवा आणि बॅटिंगला शेवटी, नवव्या क्रमांकावर येणाऱ्या पोरालाही तोच लागू हवा. पुढची एक इनिंग बाहेर. व्याख्यान नको, पालकांसमोर तर नकोच. त्याआधी त्याला एकट्याला गाठून झोप, दुखणं, घरचं काही आहे का, हे विचारा. पाय दुखतोय हे सांगायची लाज वाटून मंद पळणारी पोरं असतात.

प्रश्न : माझी मुलगी स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइक होऊन बाद) झाली की बॅट ओढत, मान खाली घालून येते. मी स्टँडमधून ‘पळ, पळ’ ओरडते. चुकतं का?

उत्तर : ओरडू नका, तिला तेव्हा तुमचा आवाज नकोच असतो. तिच्या गटात तो नियम असेल तर तिसरा स्ट्राइक कॅचरच्या हातून सुटला आणि फर्स्ट बेस रिकामा असला, किंवा दोन आउट असले, तर ती फर्स्टकडे पळू शकते. तेव्हा मान खाली घालण्याआधी मागे बघायची सवय लावा. आणि घरी जाताना तिची बॅग तिलाच उचलू द्या.